कपाळावरचे ठिपके

२५ नोव्हेंबर १९९७. शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याचं विरळ जंगल. नंदुरबार जिल्हा अजून झाला नव्हता, हा सगळा भाग धुळ्यात मोडायचा. पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तीन अमेरिकी पक्षिअभ्यासक सकाळच्या उन्हात फिरत होते. किंग यांना झाडावर एक वीतभर घुबड दिसलं. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके शिंपडलेले असतात. या पक्ष्याच्या डोक्यावर ते जवळजवळ नव्हतेच. छातीवर गडद तपकिरी पट्टा, पोट मधोमध पांढरंशुभ्र, शेपटीवर रुंद, ठळक पट्टे. शेवटचा खात्रीचा नमुना मिळाल्याला ११३ वर्षं झाली होती, आणि वनपिंगळा समोर जिवंत बसला होता. त्यांनी त्याची चित्रफीत काढली, फोटो काढले, आणि मगच जगाला सांगितलं.

या गोष्टीत मला सर्वांत थरारक वाटतो तो हा शेवटचा भाग. घुबड दिसणं ही त्या तिघांची गोष्ट होती. ते सापडलं असं जगानं मानलं, कारण डोक्यावर ठिपके नाहीत हे चित्रात दिसत होतं. फोटो पुसट असता तर साध्या पिंगळ्याचेही ठिपके दिसले नसते आणि कुणीही म्हणालं असतं, साधाच पिंगळा आहे, धूसर आलाय.

वनपिंगळ्याचं शास्त्रीय नाव ॲलन ह्यूम यांनी १८७३ साली ठेवलं. आदल्या वर्षी एफ. आर. ब्लेविट यांना छत्तीसगडच्या फुलझर भागात तो मिळाला होता, म्हणून नावात ब्लेविटी. पुढे खानदेशात जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्यानं तळोदा-शहाद्याच्या रानातून आणखी काही नमुने जमवले. १८८४नंतर सगळं थांबलं. जगभरच्या संग्रहालयांत मिळून सात कातडी, एवढाच या पक्ष्याचा पुरावा उरला.

पुनर्शोधानंतर फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी जंगलं पालथी घातली. त्यांना वनपिंगळे मिळाले ते तोरणमाळ, तळोदा, मेळघाट आणि खकनार इथे. खकनार तेव्हा खंडवा जिल्ह्यात होतं. १५ ऑगस्ट २००३ला बऱ्हाणपूर जिल्हा वेगळा झाला आणि वनपिंगळा आमच्या जिल्ह्याचा रहिवासी ठरला. पुढे २०१४मध्ये तो थेट ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यात आढळला. २०१८मध्ये आंतरराष्ट्रीय लाल यादीत त्याची नोंद अतिसंकटग्रस्त वरून संकटग्रस्त अशी एक पायरी खाली आली. ही सगळी सुधारणा नोंदींच्या जोरावर झाली, आणि आजकालची नोंद म्हणजे फोटो. म्हणूनच आमच्या लेन्सनं आम्हाला ज्या कोड्यात टाकलं ते फक्त हौशी फोटोग्राफरचं कोडं नव्हतं.

खकनारच्या बाजूला सागाचं रान आहे. पानगळ झाली की उन्हात घुबड उघड्यावर बसलेलं दिसतं. वनपिंगळा दिवसा वावरणारा, त्यामुळे सकाळी नऊ-दहालाही आशा असते. तसंच एक घुबड साधारण चाळीस मीटरवर, वाळल्या फांदीवर मिळालं. १५०-६०० मिलिमीटरची झूम लेन्स, पूर्ण ६००वर. कॅमेऱ्यानं फोकस झाल्याची टिकटिक दिली. घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला, तर पक्ष्यामागे जवळपास मीटरभर अंतरावरच्या फांदीच्या सालीची भेग न् भेग मोजता येत होती. घुबडाचं कपाळ मात्र ओल्या बोटानं पुसल्यासारखं. ठिपके आहेत की नाहीत? हो म्हणावं तर पुरावा नाही, नाही म्हणावं तरी नाही.

नेहमीचे संशयित आम्ही आधी तपासले. हात हलला असेल? शटरचा वेग भरपूर होता, आणि हात हलला असता तर मागची फांदीही हलली असती. हवा तापली असेल? मग फांदीही लहरली असती. लेन्सची काच खराब असेल? मग काहीच शार्प आलं नसतं. ज्या दुरुस्तीवाल्याला लेन्स दाखवली त्यानं ती खिडकीबाहेर रोखून एक फोटो काढला, ठीक आहे म्हणाला आणि परत दिली.

मग मी सरांकडे गेलो. सर म्हणजे आमच्या शाळेतले विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. पक्ष्यांचं वेड त्यांचं, मला लागलेलं.

‘‘सर, ही विकून टाकतो. दुसरी घेऊ.’’

‘‘विकशील रे. आधी मला एक सांग, हिची चूक एकाच बाजूला पडते की दोन्हीकडे?’’

मी जुने सगळे फोटो काढले. जिथे जिथे फोकस हुकला होता तिथे काय शार्प आलं होतं ते पाहत गेलो. खंड्याच्या मागची वेल. कापशीच्या मागची तार. तापीकाठच्या बगळ्याच्या मागचा दगड. दर वेळी मागचं. पक्ष्याच्या पुढचं पान शार्प आलंय असा ६००वरचा एकही फोटो निघाला नाही.

सरांनी मान डोलावली. ‘‘दोन्हीकडे पडली असती तर चूक शोधत बसावं लागलं असतं. एकाच बाजूला पडते म्हणजे ती मोजता येईल.’’

ते मोजणं पहिल्यांदा फसलं, आणि त्याला कारण आमचं गाव. बऱ्हाणपूर पॉवरलूमचं शहर. मोहल्ल्यात माग चालू असले की मजले थरथरतात. पाण्याचा पेला जमिनीवर ठेवला तर पाण्यावर कडी उठतात. गच्चीवर ट्रायपॉड लावून ६०० मिलिमीटरनं समोरच्या भिंतीवरचा कागद टिपला, तर एक फोटो असा, दुसरा तसा. चूक दोन्हीकडे पसरली. गल्लीतल्या मागांचा खडखडाट लेन्सच्या स्वतःच्या चुकीवर बसला होता.

म्हणून आम्ही शहराबाहेर एका ओळखीच्या केळीच्या बागेत गेलो. दोन ओळींमधली सरळ वाट, खाली घट्ट माती. ऊन चढायच्या आत काम उरकायचं होतं, कारण जमीन तापली की तीस मीटर अंतराची हवाही पाण्यासारखी हलते. अंतर तीस मीटर घेतलं कारण फोकल लांबीच्या पन्नासपट अंतरावर तपासावं असा कॅमेरा-कंपन्यांचाच सल्ला आहे, आणि ६०० मिलिमीटरचे पन्नासपट म्हणजे तीस मीटर. टेपनं मोजलं.

निशाण म्हणून सरांनी मराठी वर्तमानपत्राचं पान पुठ्ठ्यावर ताणून उभं केलं. मोठ्या मथळ्याच्या काळ्या-पांढऱ्या कडा ऑटोफोकसला आवडतात. त्याच्या शेजारून तिरकी ओळ लावली सुताच्या कोनांची. लूमवर वापरतात तेच पांढरे कोन, दर दहा सेंटीमीटरला एक, काही पानाच्या पुढे, काही मागे, प्रत्येकावर खडूनं आकडा. कोनावर सूत इतकं बारीक आणि एकसारखं गुंडाळलेलं असतं की फोकस कुठे बसलाय ते एका नजरेत कळतं. ज्या कोनाचा धागा न् धागा सुटा दिसतो, फोकस तिथे. परदेशातून मागवलेल्या महागड्या पट्ट्या मी नंतर पाहिल्या. कोन त्यांच्याहून बरे, असं माझं आजही मत आहे.

लेन्समधली थरथर थांबवणारी यंत्रणा बंद केली, कारण ट्रायपॉडवर तीच कधीकधी गोंधळ घालते. बटण दाबायला रिमोट. प्रत्येक फोटोआधी फोकस मुद्दाम बिघडवायचा, एकदा अनंताकडे नेऊन, एकदा अगदी जवळ आणून. नाहीतर कॅमेरा आधीच्याच जागेवर आळसावून बसतो. सर वहीत फक्त कोनाचा आकडा लिहीत होते. मागचा पाच. मागचा पाच. मागचा चार. मागचा पाच. पसारा जवळजवळ नाहीसा झाला होता आणि चूक तशीच उभी होती, पानाच्या मागे अर्ध्या मीटरच्या आसपास.

आता खरी परीक्षा. कॅमेऱ्याचा आरसा वर करून लाइव्ह व्ह्यूवर फोकस केला. मागच्या पडद्यावर चित्र दिसतं तेव्हा आमच्या कॅमेऱ्यात फोकस सेन्सर स्वतः ठरवतो. फोटो मोठा करून पाहिला. पानावरची मथळ्याखालची बारीक अक्षरं वाचता येत होती. शून्य कोनाचे धागे सुटे. मागचा पाच पुसट.

म्हणजे काच उत्तम, सेन्सर उत्तम. खोटं बोलत होता तो मधला निरोप्या.

डीएसएलआर कॅमेऱ्यात प्रकाशाला दोन वाटा असतात. मुख्य आरशाचा मधला भाग थोडा पारदर्शक असतो. त्यातून गेलेला प्रकाश मागच्या छोट्या आरशावर आपटून कॅमेऱ्याच्या तळाशी बसवलेल्या ऑटोफोकसच्या डोळ्याकडे जातो. हा डोळा लेन्सच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रकाशाची दोन चित्रं बनवतो आणि ती एकमेकांपासून किती सरकली आहेत ते मोजतो. त्यावरून त्याला लगेच कळतं की फोकस पुढे आहे की मागे, आणि किती. म्हणून तो वेगवान. पण फोटो तिथे उमटतच नाही. फोटो उमटतो आरसा वर गेल्यावर, सेन्सरवर. तळापर्यंतची वाट आणि सेन्सरपर्यंतची वाट तंतोतंत सारखी असेल, या एका गृहीतावर सगळं उभं असतं.

त्यात फरक किती असावा? सरांनी वहीत हिशेब मांडला. ६०० मिलिमीटरवर सेन्सरजवळ फक्त ०.२ मिलिमीटरचा फरक पडला तर दहा मीटरवरच्या पक्ष्यामागे पाच सेंटीमीटर, तीस मीटरवर अठ्ठेचाळीस आणि चाळीस मीटरवर जवळपास ८५ सेंटीमीटर. आमच्या कोनांचा आकडा आणि खकनारची फांदी, दोन्ही एका ओळीत येऊन बसली. पुढची ओळ मला अजून पाठ आहे. छिद्र एफ ६.३ असताना एवढ्या चुकीनं सेन्सरवर प्रत्येक बिंदू ०.०३२ मिलिमीटर रुंद पसरतो. आणि घुबडाच्या डोक्यावरचा दोन मिलिमीटरचा ठिपका, चाळीस मीटरवरून, सेन्सरवर पडतो तोच मुळी ०.०३ मिलिमीटरचा. पसरटपणा ठिपक्याएवढाच! त्या फोटोत ठिपके असते तरी ते दिसले नसते.

सरांचा तो पहिला प्रश्न, चूक एका बाजूला पडते का, वनपिंगळ्याच्या इतिहासातही कुणीतरी विचारला होता.

लंडनच्या संग्रहात वनपिंगळ्याचं एक कातडं होतं. चिठ्ठीवर लिहिलेलं होतं, मांडवी, गुजरात, १९१४. संग्राहक कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन, तेव्हाचे नामवंत सैनिक आणि पक्षितज्ज्ञ. मांडवी तापीकाठी आहे, आमच्याच नदीवर, खूप खाली सुरतेकडे. सर्वांत अलीकडची नोंद म्हणून शोध तिकडे वळणं साहजिक होतं. पण माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहातल्या इतर पक्ष्यांबद्दलही शंका उठू लागल्या होत्या. शंका सगळ्या एकाच प्रकारच्या: पक्षी खरा, चिठ्ठी संशयास्पद. रासमुसेन यांनी मांडवीचं घुबड क्ष-किरणांखाली तपासलं, आतली शिवण आणि भरलेला कापूस पाहिला. कातडं दुसऱ्यांदा शिवलेलं होतं, आणि मूळची कारागिरी होती खानदेशातल्या डेव्हिडसनची. संग्रहालयातून उचललेला जुना नमुना, नवी चिठ्ठी लावून परत आलेला. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी हे सगळं १९९९मध्ये ‘आयबिस’ या नियतकालिकात मांडलं.

फोटोतली मागची शार्प फांदी आणि ती चिठ्ठी यांत मला तेव्हा केळीच्या बागेत फारसा फरक वाटेना. दोन्हींनी पक्षी नाहीसा केला नव्हता, भलतीकडे दाखवला होता. रासमुसेन यांनी मांडवी नकाशावरून काढून टाकली तेव्हा उरलेल्या खऱ्या जागा आपोआप उजेडात आल्या, आणि शोध शहाद्यापर्यंत पोचला.

आमच्या बागेत मात्र कथा अजून संपायची होती. सरांच्या पुतण्याकडे माझ्या कॅमेऱ्याच्याच कंपनीची दुसरी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, होती. तिच्यावर हीच लेन्स लावली, तर फोकस पुढच्या दोनवर! माझ्या बॉडीवर दुसरी छोटी लेन्स लावली, तर शून्यावर. दोष लेन्सचा म्हणावा तर दुसऱ्या बॉडीवर तो उलटा होतो. बॉडीचा म्हणावा तर दुसरी लेन्स नीट चालते. प्रत्येक वस्तू कारखान्यातून थोडा उणा-अधिक फरक घेऊनच बाहेर पडते. माझ्या लेन्सचा आणि बॉडीचा फरक एकाच दिशेला येऊन मिळाला होता, पुतण्याच्या बॉडीचा लेन्सच्या विरुद्ध गेला होता. दुरुस्तीवाल्याला लेन्स एकटी दाखवून काही कळलं नाही, ते यामुळे. जोडी तपासायला हवी होती.

ऑटोफोकसचा इतिहास तसा लांब नाही. बाजारात आलेला पहिला ऑटोफोकस कॅमेरा १९७७चा, कोनिका सी३५ एएफ. लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यात तो खऱ्या अर्थानं रुळला १९८५च्या मिनोल्टा ७०००पासून. पण फोकसची दुरुस्ती स्वतः करायची सोय कॅनन आणि निकॉनच्या वरच्या श्रेणीतल्या कॅमेऱ्यांत आली ती थेट २००७ साली. मधली वीसेक वर्षं माणसं आपल्याच हाताला दोष देत राहिली असतील, याचं मला वाईट वाटतं.

सोय साधी आहे. मेनूत उणे वीस ते अधिक वीस अशी पट्टी. उणे केलं की फोकस कॅमेऱ्याकडे सरकतो. पाच केलं, मग आठ, मग दहा, आणि दर वेळी कोन पाहिले. उणे दहावर शून्य कोनाचे धागे सुटे झाले. उणे बारावर पुढचा एक. म्हणून दहा.

आणि मग १५०वर झूम मागे घेतली, तर फोकस पानाच्या पुढे आला.

सर हसले. मी मात्र खचलो होतो. झूम म्हणजे एका नळीत सरकणारी अनेक भिंगं. ती ६००ला जिथे असतात तिथे १५०ला नसतात, आणि चूकही जागेप्रमाणे बदलते. माझ्या बॉडीत पूर्ण झूमसाठी एकच आकडा ठेवता येत होता. काही बॉडींत दोन्ही टोकांना वेगळे आकडे देता येतात, माझ्या नव्हते. सुटका लेन्सनंच केली. २०१३पासून लेन्सच्या मागे जोडायची एक चकती मिळते, ती यूएसबीनं संगणकाला लागते आणि दुरुस्ती लेन्सच्या स्वतःच्या स्मृतीत लिहिली जाते. आमच्या लेन्ससाठी चार फोकल लांबी आणि प्रत्येकीला चार अंतरं, म्हणजे सोळा आकडे. चकती कुरियरनं आली. बॉडीतला आकडा पुन्हा शून्य केला आणि सोळाही घरं भरायला परत बागेत गेलो. या कामाला धीर लागतो, चमत्कार काही नाही. सरांची वही भरत गेली. १५०ला जवळजवळ काहीच नाही, मधे थोडं, ६००ला लांबच्या अंतराला सर्वांत जास्त. जिथे आम्हाला हवं होतं नेमकं तिथे ती सर्वांत जास्त हुकत होती.

आता आरसा नसलेले कॅमेरे आले आहेत. त्यांत फोकसचं मोजमाप सेन्सरवरच होतं, दुसरी वाटच नाही, त्यामुळे ही विशिष्ट चूक बहुतांशी संपली. पण खेड्यापाड्यांत, हौशी मंडळींच्या कपाटांत आणि वनखात्यातल्या अनेकांच्या हातांत आजही जुने डीएसएलआर आहेत. त्यांच्या कार्डांत किती पुसट घुबडं पडून असतील!

पुढच्या पानगळीत आम्ही खकनारला परत गेलो. त्याच पट्ट्यात, वाळल्या सागावर घुबड बसलेलं. अंतर पुन्हा तसंच, चाळीसच्या आसपास. मी दोन-तीन फोटो घेऊन थांबलो, कारण फार वेळ रोखून बसलं की पक्षी अस्वस्थ होतो आणि त्या जागेचं नाव पसरलं की गर्दी होते. सरांनी तिथेच पडदा मोठा करून पाहिला.

डोक्यावर ठिपके. बारीक, पांढरे, एकेक सुटा. मानेमागे पांढरा पट्टा. छातीवर सलग तपकिरी रंग नाही, तुटक रेघा.

‘‘साधा पिंगळा,’’ सर म्हणाले आणि त्यांनी वहीत तसंच लिहिलं. तारीख, वेळ, अंतर, फोकल लांबी, आणि पुढे कंसात, लेन्स तपासलेली. मग पानं मागे उलटून आदल्या वर्षीची नोंद काढली. तिथे ‘वनपिंगळा?’ असं मी लिहिलेलं होतं. सरांनी तो शब्द खोडला आणि वर लिहिलं: पिंगळा, जात ठरवता येत नाही.

‘‘उद्या परत येऊ. ओढ्याच्या पलीकडचा भाग राहिलाय.’’